दार कुठल्या बाजूला

गवंड्याने सुतळीला निळी पूड चोळली, तिचं एक टोक खिळ्याला अडकवलं, दुसरं ओढत तो हॉलच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि सुतळी चिमटीत उचलून टणकन सोडली. फरशीवर निळी रेघ उठली. कुणाची भीडभाड न ठेवता ती हॉल कापत सरळ गेली, सोफा होता तिथून, बाबांची आरामखुर्ची होती तिथून, आणि थांबली ती ताईच्या खोलीच्या उंबऱ्यावर, अगदी मधोमध.

गवंडी रेघेशी उकिडवा बसला. त्याने एक डोळा मिटून दाराकडे पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"घोळ आहे," तो म्हणाला.

ताई दारातच उभी होती. चष्मा कपाळावर, बोटांना शाई.

"कसला घोळ?"

"भिंत इथवर आली की तुमचं दार अर्धं ह्यांच्याकडे, अर्धं त्यांच्याकडे. दार सरकवावं लागणार. कुठल्या बाजूला घेऊ?"

"भावांना विचारा."

"विचारलं की. मोठे म्हणाले, ताईंना विचारा. धाकटे म्हणाले, ताईंना विचारा. आता तुम्ही म्हणता, भावांना विचारा. मग मी काय विटेला विचारू?"

ताईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "आधी बाकीची भिंत घ्या," ती म्हणाली. "दाराचं मागून बघू."

"घेतो. पण शेवटचा हातभर तुकडा राहील. तेवढ्यासाठी पुन्हा खेप पडेल मला."

"या ना. चहा देईन."

बोलून तर गेली, पण तो चहा कुठल्या ओट्यावरचा देणार हेही अजून ठरायचं होतं. ती मुकाट्याने आत जाऊन टेबलाशी बसली.

तीन भावंडांत ताई सगळ्यांत मोठी. कॉलेजात भाषा शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसं आता उरली नव्हती. तिच्या पाठचे दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, बाबांच्या मागे त्यांचा तळमजल्यावरचा फोटो स्टुडिओ चालवत. वरच्या मजल्यावर घर. दोघांच्या बायका इतकी वर्षं एकाच ओट्यावर स्वयंपाक करत आल्या होत्या. एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायच्या आणि तीच भाजी दोनदा वाढून घ्यायच्या. मुलं शिकून बाहेरगावी गेलेली. सगळं बरं चाललं होतं, आणि मग डार्करूमवरून वाजलं.

डार्करूम म्हणजे घराच्या मागच्या अंगाची एक चिंचोळी खोली. खिडकीच्या काचांना काळा रंग, एक लाल दिवा, एक मोठं सिंक आणि फळीवर औषधांच्या तपकिरी बाटल्या. तिथे फिल्म धुतल्याला जमाना झाला होता. धाकट्याला तिथे कॉम्प्युटर मांडून व्हिडिओची कामं करायची होती. थोरल्याला तिथली एक बाटली हललेलीही खपत नव्हती.

"बाबांची जागा आहे ती," थोरला म्हणाला.

"मग माझी जागा कुठली?" धाकट्याने विचारलं.

झालं एवढंच होतं. पण शब्दाने शब्द वाढला, जुनं जुनं काय काय वर निघालं, आणि 'चूल वेगळी करू' हे आधी कुणाच्या तोंडून निघालं ह्यावर दोघी जावांचं अजून एकमत होत नव्हतं. वाटणीत डार्करूम धाकट्याकडे गेली. तिथे कॉम्प्युटर आलाच नाही; सिंक आयतं होतं म्हणून धाकट्याच्या बायकोने तिथे ओटा घालून घेतला. बाटल्या गोणीत गेल्या. थोरला त्यावर चकार शब्द बोलला नाही, आणि ताईला ते त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

भावांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. खाली एकाच काउंटरमागे दिवसभर उभे, पण काही अडलं की दोघांपैकी एक जिना चढून वर.

"ताई, त्याला सांग, कात्री जागेवर ठेवत जा म्हणावं."

"अरे, तो तुझ्या हाताशी उभा असतो ना?"

"तू सांग."

ताई कात्रीचा निरोप घेऊन खाली जाई आणि त्याचं उत्तर घेऊन वर येई. गुडघे बोंबलत, तोंडाने ती दोघांना शिव्या घाली, पण खरं सांगायचं तर मनातून तिला ते बरं वाटे. निरोप्या दोन्ही घरांना लागतो.

बाकी तिचं काय, ते कुणी बोलत नव्हतं. भांडी वाटून झाली होती, गाद्या वाटून झाल्या होत्या, निळ्या काठाच्या कपांचा आईने आणलेला संचसुद्धा निम्मा इकडे, निम्मा तिकडे गेला होता. वाटायची राहिली होती ती एकटी ताई. दुसऱ्यांच्या घरांत अशा वेळी काय करतात ते तिने पाहिलं होतं. म्हातारं माणूस एक महिना ह्याच्याकडे जेवतं, एक महिना त्याच्याकडे, आणि महिना संपत आला की दोन्हीकडची माणसं कॅलेंडरकडे बघू लागतात. तिने मनाची तेवढीही तयारी केली होती. पण 'आमच्याकडे ये' असं एकानेही म्हटलं नव्हतं, आणि 'मी कुणाकडे येऊ' हे आपण होऊन विचारणं तिच्याने होत नव्हतं. जन्मभर वर्गात प्रश्न विचारत आलेली बाई, पण हा एक प्रश्न काही केल्या तिच्या जिभेवर येईना. तिला भीती वाटत होती. विचारलं आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं तर?

म्हणून ती एका दुपारी बाजारात गेली आणि विजेची छोटी शेगडी घेऊन आली. बरोबर एक पातेलं, एक गाळणं, एक कप.

"हॉस्टेलला निघालेल्या मुलीसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"हो," ताई म्हणाली.

शेगडी तिने जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकलली. आपल्याच घरात आपण चोरासारखं वागतोय हे तिला कळत होतं, आणि त्याचा रागही येत होता; फक्त तो राग कुणावर काढायचा ते सुचत नव्हतं.

टेबलावर सदराचा कागद कोराच पडला होता. एका वर्तमानपत्रात दर रविवारी ताईचं सदर येई. रोजच्या बोलण्यातला एखादा इंग्रजी शब्द उचलायचा आणि तो मुळात कुठला, कुणाचा, कुठून फिरत फिरत आला ते शोधायचं. ताई ते हाताने लिही आणि पुरवणी सांभाळणाऱ्या मुलीला फोनवर वाचून दाखवी. मुलगी तिकडे टाइप करून घेई. ह्या खेपेचा शब्द त्या मुलीनेच सुचवला होता.

"फोकस घ्या ना, बाई. घरोघरी आईबाप मुलांच्या मागे लागलेले असतात, फोकस कर, फोकस कर. आणि तुमचं तर घरच फोटोवाल्याचं."

"एका बैठकीत होईल," ताई म्हणाली होती.

त्या बैठकीला आठवडा उलटत आला होता. हा शब्द तिने आजवर कधी कोशात पाहिलाच नव्हता. लहानपणापासून तो घरातच वावरत होता. घरातल्या माणसाला कुणी नाव-गाव विचारत नाही. आता विचारलं आणि कोशाने ते सांगितलं, तेव्हा ताईने कोश मिटला आणि ती बराच वेळ त्यावर हात ठेवून बसून राहिली.

तिसऱ्या प्रहरी फोन वाजला तेव्हा भिंत खांद्याला लागली होती. गवंडी पाटावर उभा राहून थापीने माल लावत होता. थोरल्याच्या बाजूला काहीतरी फोडणीला पडलं होतं, धाकट्याच्या बाजूला नव्या नळाखाली भांडी चालली होती. भाऊ दुपारची झोप काढायला वर आले होते.

"झालं का, बाई?"

"झालंय. घे लिहून."

ताईचा आवाज कसला, तर शेवटच्या बाकावर झोपलेल्या मुलाला जागा करणारा. फोनवरही ती तशीच बोले. तिने चष्मा खाली घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

"'फोकस हा शब्द आपल्याला कॅमेऱ्याबरोबर आला असं वाटतं. पण तो कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे, आणि मुळात त्याचा काचेशी काही संबंध नाही. लॅटिन भाषेत फोकस म्हणजे चूल. घरातली विस्तवाची जागा.' लिहिलंस?"

"चूल? खरंच?"

"खरंच. पुढे लिही. 'चारशे वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञाला, किरण जिथे येऊन मिळतात त्या जागेला नाव हवं होतं. त्याने चुलीचं नाव दिलं. का दिलं असावं? जाणकारांचा तर्क असा, की भिंगाखाली कागद जिथे पेटतो ती जागा त्याच्या मनात असावी. हा तर्क मला पटतो, कारण मी ती जागा पाहिली आहे. एक फोटोग्राफर होता. नवं भिंग आलं की तो आपल्या तीन मुलांना गच्चीवर नेई. एका मुलाच्या हातात भिंग, दुसऱ्याच्या हातात कागद, मुलीच्या हातात पट्टी. भिंग हळूहळू मागे-पुढे करायचं. कागदावरचा उजेड आक्रसत आक्रसत टिंबाएवढा झाला की बाप म्हणे, थांबा, हा फोकस. मग मुलगी भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजे. तेवढ्यात कागद धुरावू लागे. कागदवाला सगळ्यांत लहान. तो रडकुंडीला येई, पण भिंगवाला भाऊ सोडू नकोस म्हणाला असेल, तर बोट भाजलं तरी कागद सोडत नसे.'"

ताई थांबली. पाण्याचा घोट घेतला.

"'त्या मूळ चुलीची भावकी फार मोठी. गाडीत भरतो ते फ्यूएल तिथलंच. आणि कर्फ्यू म्हणजे, रात्र झाली, आता विस्तव झाका, अशी एके काळची ताकीद. त्यातला विस्तवही त्याच चुलीवरचा. सगळी एका घरची भावंडं. आज समोरासमोर आली तर एकमेकांना ओळखणार नाहीत.'"

"आणि शेवट?" मुलीने विचारलं.

"शेवट नाही."

"असं कसं, बाई? पुरवणीचं पान लागतंय माझं."

"चुलीभोवती कोण बसतं, ते लिहायचं होतं मला. जमत नाहीये."

"अहो, तुमच्या घरचंच लिहा की."

ताईने दाराबाहेरच्या भिंतीकडे पाहिलं. "घरात काम काढलंय," ती शेवटी म्हणाली. "बांधकाम. उद्या सकाळी देते शेवट."

फोन ठेवला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की घर गप्प आहे. थापीचा आवाज थांबला होता. इकडची फोडणी ऐकू येत नव्हती, तिकडचा नळ बंद होता. खांद्याएवढ्या ओल्या भिंतीवरून तिचा वर्गातला आवाज दोन्ही घरांत गेला होता.

गवंड्याने भिंतीवरून डोकं काढलं. "ताई, त्या बारक्या पोराने कागद सोडला का हो शेवटी?"

"नाही."

"येडंच होतं म्हणायचं," गवंडी म्हणाला आणि त्याने पुढची वीट उचलली.

रात्री जुन्या ओट्यावरचं शेवटचं एकत्र जेवण झालं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही ओटे वेगळे पेटायचे होते. थोरल्याच्या बायकोने वाढलं, धाकट्याच्या बायकोने मागचं आवरलं. धाकटा जेवून उठला तरी अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळत होता, आणि थोरला पाण्याचा पेला तोंडाशी धरून त्याच्या त्या बोटाकडे पाहत होता. ताईने ते पाहिलं आणि मान खाली घालून आपलं ताट पुसून घेतलं.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. अंथरूण आवरलं, वेणी घातली आणि खुर्चीत बसून कान देऊन ऐकू लागली. भिंत डोक्यावरून गेली होती. तिच्या दारापाशी तेवढी हातभर फट. भिंतीच्या एका अंगाला लायटरची टकटक झाली, थोड्या वेळाने दुसऱ्या अंगाला झाली. बशा वाजल्या. चमचे वाजले. आता हाक येईल, ती मनाशी म्हणाली. कुठल्याही बाजूची येऊ दे, आपण उठून जायचं, मनाला काही लावून घ्यायचं नाही.

हाक आली नाही.

मग ताईने वाकून पलंगाखालून चादरीचं गाठोडं ओढलं. शेगडी टेबलावर ठेवली, कोश बाजूला सारला, पातेल्यात पाणी घातलं आणि बटण दाबलं. तार हळूहळू लाल झाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने खसकन पुसले. ह्या वयात एका कप चहासाठी रडायचं म्हणजे कमाल झाली, असं तिला वाटलं.

"ताई, चहा..."

दोन आवाज एकदम आले आणि एकदम थांबले. फटीतून एका बाजूने थोरला आला होता, दुसऱ्या बाजूने धाकटा. दोघांची तोंडं नुकतीच धुतलेली. दोघेही दारात एकमेकांना आपटता आपटता राहिले, आणि मग दोघांनी ते टेबल पाहिलं.

"ते काय आहे?" थोरल्याने विचारलं.

"शेगडी."

"दिसतंय. कशाला आणलीस?"

"चहाला."

"आम्ही काय मेलो होतो?" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "नाही, सांग ना. आम्ही मेलो होतो का?"

ताई पातेल्याकडेच बघत राहिली. "मला कुणी विचारलंच नाही रे," ती म्हणाली. "गवंड्यानं तेवढं विचारलं."

थोरला चौकटीला टेकला. "कसं विचारायचं तुला? मी विचारलं असतं तर तुला एकाला नाही म्हणावं लागलं असतं. म्हटलं, तुझं तू ठरव. आत्तासुद्धा बायकोनं ढकललं म्हणून आलो."

"मला वाटलं, तू त्याच्याकडेच जाणार," धाकटा म्हणाला. "बाबांची खुर्ची तिकडे गेलीये. तू रोज तिच्याशेजारी बसून पेपर वाचतेस."

थोरल्याने नाकाने जोरात श्वास सोडला. "ताई, ह्याला सांग, मला वाटत होतं तू ह्याच्याकडे जाशील. जन्मभर लाड कुणाचे केलेस?"

ताईने मान वर केली. आधी एका भावाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात."

पाण्याला उकळी आली. तिने चहाची पूड टाकली, शेगडी बंद केली आणि पातेल्यावर कोश झाकायला उचलला. मग भानावर येऊन तो परत ठेवला आणि ताटली शोधली. धाकटा पलंगाच्या कडेवर बसला होता. थोरला थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्याच पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. लहानपणी ताप आला की ते असेच तिच्या खोलीत येऊन बसत.

"माझ्याकडे कप एकच आहे," ताई म्हणाली. "आपापले घेऊन या."

दोघे उठून दोन बाजूंना गेले. भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून जवळजवळ एकाच सुरात विचारलं गेलं, "रिकामा कप घेऊन कुठे निघालात?" दोघे परत आले ते निळ्या काठाचे कप घेऊन, आणि ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. ताई चहा गाळू लागली. टेबलाच्या कोपऱ्यावर फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिने तो वाजू दिला.

एवढ्यात फटीतून गवंडी डोकावला. खांद्याला थैली, हातात सुतळी.

"मग?" त्याने विचारलं. "दार कुठल्या बाजूला घेऊ?"

भावांनी कपात पाहिलं.

"आधी चहा घ्या," ताई म्हणाली. "म्हटलं होतं ना, चहा देईन." मग तिने टेबलावर नजर फिरवली. "कप नाहीये पण."

थोरला आपल्या चहावर फुंकर घालत होता. बरीच फुंकर घालून झाल्यावर, कपावरची नजर न काढता तो म्हणाला,

"आमच्या ओट्यावर आहे अजून एक. जा, घेऊन ये."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताई साखरेच्या डब्याचं झाकण लावण्यात गुंतली होती. तिने वर पाहिलंच नाही. धाकटा उठला, गवंड्याला ओलांडून फटीतून बाहेर गेला, तिथे क्षणभर अडखळला आणि थोरल्याच्या बाजूला वळला. थोड्याच वेळात तिकडून थोरल्या वहिनीचा आवाज आला, "अगं बाई, भावोजी? या ना, आत या."

गवंड्याने थैली खाली उतरवली. सुतळी बोटांभोवती गुंडाळली, तिची गड्डी केली आणि खिशात टाकली.

"साखर जरा जास्त घाला," तो ताईला म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.